गुऱ्हाळाच्या छपरातली शाळा

शाळा सोडली त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, पावसाळा संपला की परत जाणार. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि मान वर न करता विचारलं, "कुठला पावसाळा?" मला त्या प्रश्नाचा राग आला होता. यंदाचाच, दुसरा कुठला, असं काहीतरी मी फणकाऱ्यानं बोललो आणि पाटावर जाऊन बसलो.

कोल्हापूरचे महाराज गादीवर आले तेव्हा मी स्वतः विद्यार्थी होतो, आणि त्यांचा अंमल चांगला मुरला तोवर मी दरबारच्या शाळेत मास्तर झालो होतो. शाळा रंकाळ्याच्या वाटेवर होती. दोन खोल्या, एक पडवी, आणि मागं चिंचेचं झाड. माझ्याकडं अगदी खालचे वर्ग असत. बाकीचे मास्तर वरचे वर्ग मिळावेत म्हणून हेडमास्तरांच्या मागं लागत, मी मात्र खालचेच मागून घेई. त्यांना वाटे, हा आळशी आहे. मुलं मला सरसकट आवडत होती असं मुळीच नाही. काही इतकी वात्रट होती, की त्यांना पाहिलं की मी सुट्टीचे दिवस मोजू लागे. मला आवडायची ती एकच गोष्ट. मूल पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर उच्चारत असतं, क, म, ळ. परत क, म, ळ. आठवडेच्या आठवडे असंच चालतं, आपण थकतो, तेही थकतं. आणि एके दिवशी काही कारण नसताना त्याच्या तोंडून एकदम अख्खा शब्द बाहेर पडतो. त्या वेळी ते पाटीकडं बघत नाही, आपल्याकडं बघतं. हे मीच म्हटलं का, असं त्याच्या चेहऱ्यावर असतं. मला त्या चेहऱ्याचं व्यसन लागलं होतं. तंबाखूचं लागतं तसंच, लपवण्यासारखं.

मग अशा शाळेतून मी गेलो कशाला, हे लोक अजून विचारतात. शाईमुळं गेलो.

शाळेत विलायती शाईची पूड यायची. ती पाण्यात कालवली की पहिले दोन दिवस बरी लिही, नंतर फिकट पडे. मोठ्या वर्गातल्या मुलांच्या कित्त्यावरची अक्षरं महिन्याभरात पुसट झालेली पाहून माझा जीव जळायचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अत्तारांचं दुकान होतं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावात, अत्तर, सुरमा, काजळ, औषधी मुळ्या विकणारं. दुकानात बसणारे अत्तार माझ्याहून बरेच वडील. त्यांच्याशी बोलता बोलता हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा क्षार, यांच्या शाईचा विषय निघाला, आणि त्यांच्या परसात आम्ही एक मडकं चुलीवर चढवलं. पहिली शाई गंजलेल्या पाण्यासारखी झाली. दुसरी बरी. तिसरी अशी झाली, की कागद फाटेल पण अक्षर जाणार नाही. अत्तारांनी बोट बुडवून आपल्या पांढऱ्या दाढीला लावून पाहिलं आणि मग आठवडाभर तोंड लपवत फिरले.

शाळेत शाई वापरली, ती कचेऱ्यांतल्या कारकुनांनी पाहिली, आणि त्यांनी मागायला सुरुवात केली. हेडमास्तर भला माणूस होता, पण नियमाचा. दरबारची नोकरी आणि व्यापार असा दोन दगडांवर पाय चालायचा नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. एक वर्षभर धंदा मार्गी लावून या, जागा रिकामी असली तर परत घेईन, असंही म्हणाले. अत्तार तर हरखून गेले होते. त्यांना 'कंपनी' हा शब्दच फार आवडायचा. दुकानावर फळी रंगवून घेतली आणि तिच्यावर कंपनी असं एवढं मोठं लिहिलं, की शाई हा शब्द कोपऱ्यात गेला. मी फळीकडं बघून मनात म्हटलं, एकच पावसाळा.

तर शाईला हिरडा लागतो, आणि हिरडा येतो घाटमाथ्यावरून. मी गगनबावड्याला जाऊ लागलो. तिथं पावसाला सुट्टी नसते. धोतर वाळत घातलं तर ते दुसऱ्या दिवशी जास्त ओलं. हिरडा गोळा करणारी माणसं डोक्यावर इरलं घेऊन यायची, आणि एवढा हिरडा यायचा की शाईला त्याचा चिमूटभर भागही लागत नसे. उरलेला कोल्हापुरात चामडं कमावणाऱ्यांनी हातोहात उचलला. त्यांच्या मागणीपुढं शाई म्हणजे खेळणं ठरली. वर्ष संपता संपता अत्तारांनी फळी उतरवून परत रंगवली. आता कंपनी हिरड्याची झाली. शाई त्यांनी परसात हौसेपुरती चालू ठेवली.

त्या काळातली एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही. गगनबावड्यात एकदा असा पाऊस लागला की गाड्या निघेनात. मी एका शाळेच्या वळचणीला उभा राहिलो. आत मास्तर मुलांना वजाबाकी सांगत होता. हातचा घेण्यापाशी तो अडखळत होता, मुलंही अडखळत होती. मग राहवेना आणि भिंतीबाहेरूनच ओरडलो, की शेजारच्या घरातून दहा उसने मागा, म्हणजे कळेल. मास्तर धावत बाहेर आला, मला इन्स्पेक्टर समजून त्यानं टोपी नीट केली आणि हात जोडले. मी म्हटलं, मी हिरड्याचा व्यापारी. तेव्हा त्याचा चेहरा असा झाला, की मी पावसातच चालू लागलो. भिजत गाडीतळापर्यंत आलो आणि तिथं एका गाडीखाली बसून ढसाढसा रडलो. पावसात रडण्याची एक सोय असते, गाडीवानांना काही कळलं नाही.

परतल्यावर मी तडक हेडमास्तरांकडं गेलो. माझ्या वर्गावर एक तरुण मास्तर आला होता. चांगला शिकवत होता. मी खिडकीतून पाहिलं आणि मला तो वाईट शिकवत असता तर बरं, असं वाटलं. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या साली बघू. त्या पुढच्या साली त्यांची बदली झाली.

कंपन्यांचं असं असतं, की एक सुरू केली की दुसरी आपोआप अंगाला चिकटते. घाटात गाड्यांचे आस मोडत. आस दुरुस्त करायला दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा आपली भट्टी असावी, असं मला वाटलं. भट्टी आली, तिच्याबरोबर लोहार आले, लोहारांना बारमाही काम हवं, म्हणून मोटेची चाकं, नांगराचे फाळ, असं करत करत आम्ही उसाच्या चरकापाशी येऊन पोचलो. अत्तारांची फळी आता इतक्या वेळा रंगवली गेली होती, की रंगाचे पापुद्रे निघायचे आणि हिरड्याखालची शाई दिसायची.

चरक म्हणजे ऊस पिळायचं यंत्र. आमच्या भागात पूर्वी ते लाकडाचं असे. ऊस घालायला दोन दणकट गडी लागत, एकच ऊस पुन्हा पुन्हा घालावा लागे, तरी चिपाडात रस राहायचाच. आम्ही लोखंडाचा केला. तीन लाट्या, म्हणजे उभे लोखंडी रूळ, बैल फिरले की त्या गोल फिरतात आणि ऊस आत ओढून घेतात. जोर लावायला नको. मला त्याचा फार अभिमान वाटला. बाजारात वाटायला जी जाहिरात छापली, तिचा मजकूर मीच लिहिला, सोप्या भाषेत, मुलांना समजेल अशा. "आमच्या चरकावर पोर बसलं तरी ऊस सरतो." लोकांना हे वाक्य इतकं आवडलं, की बाजारात येताजाता मला ऐकवायचे. चरक विकत घेण्याची ऐपत थोड्यांची, म्हणून आम्ही ते गुऱ्हाळाच्या दिवसांत भाड्यानं देत असू. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चरक गावोगाव फिरायचे आणि पावसाळ्यात आमच्या छपरांखाली विसावायचे. पंचगंगेच्या काठानं, शिरोळकडं, आणि पुढं जयसिंगपूरची पेठ वसली तेव्हा तिथंही आमचा माणूस बसला.

अशी वर्षं गेली. केस पिकले. लोक मला मालक म्हणू लागले. सुरुवातीला दुसऱ्या कुणाला हाक मारतायत असं वाटून मी मागं वळून बघायचो, पुढं तेही सोडून दिलं. एकटे अत्तार तेवढे मास्तर म्हणत. संध्याकाळी भट्टीवरून घरी येताना मी रंकाळ्याच्या वाटेनं यायचो. ती वाट लांबची होती. बायकोनं कधी विचारलं नाही, की लांबून का येता.

आणि मग महाराजांचा हुकूम निघाला. राज्यातल्या प्रत्येक मुलाला शाळेत घातलंच पाहिजे, शिकवणं फुकट, आणि न घालणाऱ्या आईबापाला दंड. कोल्हापुरात काही दिवस दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, पोरं शाळेत गेल्यावर गुरं कोण राखणार. कुणी म्हणे, दरबारच्या मनात आलंय, नव्याचे नऊ दिवस. माझ्या छातीत मात्र काहीतरी उड्या मारायला लागलं होतं.

गावोगाव शाळा काढायच्या तर जागा हवी आणि मास्तर हवेत. दोन्हींचा तुटवडा. शिक्षणखात्याचे एक अंमलदार कळंब्याच्या पलीकडच्या एका गावासाठी हिंडत होते. तिथं देवळात शाळा भरवायची म्हटली तर अर्ध्या मुलांना देवळाची पायरी चढू देत नव्हते, आणि चावडीत भरवायची म्हटली तर पाटील तोंड फिरवी. त्या गावाच्या ओढ्याकाठी आमचं चरक ठेवायचं छप्पर होतं. ते ना देवाचं, ना पाटलाचं. अंमलदारांनी ते मागितलं. मी म्हटलं, घ्या. पण नेमलेला मास्तर येईपर्यंत मी शिकवणार. ते हसले. मी हसलो नाही. घरी येऊन पेटीच्या तळातून माझा ट्रेनिंगचा दाखला काढला आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवला. मग तेही हसायचे थांबले.

बायकोला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "संपला म्हणायचा तुमचा पावसाळा." आणि मग माझ्याकडं न बघताच डोळ्यांना पदर लावला. मला तोवर वाटत होतं, की ओढ माझ्या एकट्याची आहे.

भट्टीचं काम सकाळी लवकर उरकून मी गाडीनं त्या गावाला जाऊ लागलो. चरक एका बाजूला ढकलले होते, त्यांच्यावर पोती टाकलेली. दुसऱ्या बाजूला मुलं. छपराला भिंती तीनच, चौथ्या बाजूनं पावसाची झड यायची, मग सगळे चरकांच्या बाजूला सरकायचे, कोण कुणाला चिकटून बसलंय हे त्या गर्दीत कुणी बघायला जात नसे. पहिल्या आठवड्यात दोन आया येऊन भांडून गेल्या, की आमचं लेकरू कुणाशेजारी बसवलंत. मी म्हटलं, चरकाशेजारी बसवलंय. त्या पुटपुटत गेल्या, पण लेकरं आली.

पहिल्या दिवशी तोंड उघडण्याआधी मी एक कोरीच पाटी दोनदा पुसली. आवाज निघेल की नाही, एवढी वर्षं नुसता भाव करण्यात आणि लोहारांवर ओरडण्यात गेली. पण पहिला शब्द उच्चारला आणि तो आवाज आला, माझा जुना, वर्गातला. मलाच तो ऐकून गहिवरून आलं. त्या तीन महिन्यांत मी जेवढा सुखी होतो तेवढा आधी नव्हतो आणि नंतर नाही. हे लिहिताना मला काही संकोच वाटत नाही.

त्या वर्गात एक मुलगी होती. कुणब्याची, आठ-नऊ वर्षांची, हाडकुळी, कपाळावर एक जखमेचा व्रण. बाकीची मुलं गलका करत, ही गप्प. तिला अक्षरं एकेक येत, पण ती जुळत नसत. मी इतरांच्या दुप्पट वेळ तिच्यापाशी घालवला असेन. श्रावण गेला, भादवा गेला. दसऱ्याच्या आधी एकदा मी दुसऱ्याच मुलाची पाटी पुसत होतो, आणि मागून तिचा आवाज आला, "नदी." मी वळलो. ती पाटीकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. जाऊन चरकाच्या आड उभा राहिलो, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि परत येऊन म्हटलं, पुढचा शब्द वाच.

दिवाळी झाली. छपरातले चरक आमच्या माणसांनी ओढून नेले, मोकळी जागा झाली, आणि मी मनात म्हटलं आता मुलं कशी ऐसपैस बसतील. शाळा उघडली तर निम्मी मुलं नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. आठवड्यानं तर मला समोर मुलांपेक्षा पोती जास्त दिसू लागली. ती मुलगीही नव्हती. कुणी म्हणालं आजारी आहेत, कुणी म्हणालं मामाच्या गावाला. खेड्यातली माणसं मास्तराला खोटं सांगताना फार कष्ट घेत नाहीत. गैरहजर मुलांच्या बापांची नावं मास्तरानं वर कळवायची, असा नियम होता. मी कळवली नाहीत. म्हटलं आधी स्वतः जाऊन बघू.

गाव सोडून शिवारात गेलं की वासानंच गुऱ्हाळ सापडतं. आमच्याकडं एक रीत आहे, गुऱ्हाळावर कुणीही आला, वैरी आला तरी, आधी त्याच्या हातात रसाचा तांब्या द्यायचा, मग काय ते बोलायचं. आणि येणाऱ्यानंही रस पोटात गेल्याशिवाय कामाचं तोंड उघडायचं नाही. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. पण त्या मुलीच्या बापानं लांबूनच बघितलं आणि, "या पावणं," असं म्हणाला, जवळ आल्यावर ओळखलं आणि एकदम लगबग केली. घोंगडं अंथरलं. मला बसावं लागलं. त्यानं चरकाकडं तोंड करून हाक दिली, की मालकांस्नी ताजा रस काढ.

बैल गोल फिरत होते. मधे चरक होता, आमच्या भट्टीचा, कडेला आमच्या कंपनीचं नाव ओतलेला. आणि त्याच्यापुढं खड्ड्यात पाय सोडून ती बसली होती, वरनं फिरणाऱ्या, बैल जोडलेल्या आडव्या लाकडाखाली मान वाकवून. एकेक ऊस उचलून लाट्यांत सरकवत होती. ऊस भराभर आत जात होता, खरंच जोर लावावा लागत नव्हता. तिची बोटं लाट्यांच्या इतकी जवळ जात होती, की मला बघवेना. तिच्या हातानं पिळलेला तो रस मला तांब्यातून आणून दिला. रीत मोडता येत नव्हती. मी तो प्यालो. इतका गोड रस मला कधी एवढा जड गेला नाही.

तांब्या खाली ठेवून मी तिच्यापाशी गेलो आणि विचारलं, शाळेत का येत नाहीस. तिनं हात थांबवला नाही. थांबवला असता तर बैलांचा फेरा वाया गेला असता.

"मास्तर, चरक तुमचाच हाय की," ती म्हणाली. "त्यो थांबला की येते."

तिनं टोचून म्हटलं नव्हतं. हवापाणी सांगावं तसं सांगितलं होतं. तिचा बाप मागून आला. त्यालाही माझ्याशी भांडायचं नव्हतं. म्हणाला, "बैलं मी हाकतो, थोरला चुलवणाला जाळ घालतोय, हिची आई मोळ्या आणती. मग ऊस कुणी घालायचा? पूर्वी लाकडाचा चरक हुता तवा दोन गडी लावत हुतो, पोराचं ते कामच न्हवतं. तुमीच सांगितलासा, पोर बसलं तरी चालतंय. दंड करायचा तर करा, मालक, पण ऊस तोडून पडलाय, त्यो न्हाय थांबत."

मी परत गावापर्यंत चालत आलो. वाटेत दुसरी गुऱ्हाळं लागली, आणि प्रत्येक चरकावर माझ्याच वर्गातलं कुणी ना कुणी बसलं होतं. मला बघून काहींनी हात हलवला. त्यांना वाटलं मालक आपला चरक बघायला आलेत.

ते दिवस वाईट गेले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. बापांची नावं कळवावीत तर माझ्याच यंत्रापायी माझ्याच गिऱ्हाइकांना मी दंड करवतोय. चरक परत न्यावेत तर ऊस शेतात वाळणार, नाहीतर दुसरा कुणी आपला चरक आणून उभा करणार आणि मुलं तिथं बसणार. शेवटी एक वाट दिसली. चरकाबरोबर ऊस घालणारा जाणता गडी कंपनीनंच धाडायचा, आणि मूल बसलेलं दिसलं तर त्या गुऱ्हाळाचा चरक त्याच क्षणी उचलायचा. लोहारांनी मला वेड्यात काढलं. इतके गडी आणायचे कुठून, त्यांना या गावातून त्या गावात हलवणार कोण, आणि गावकऱ्यांना पटवणार कोण.

मी अत्तारांकडं गेलो. ते फार थकले होते, डोळ्यांनी अंधुक दिसत होतं, तरी परसातलं मडकं अजून चुलीवर चढत असे. मी त्यांना म्हटलं, हे काम तुम्ही हातात घ्या, तुमचा शब्द लोक मानतात. मला शाळेत राहू द्या. आयुष्यात मी त्यांच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ मडकं ढवळलं.

"मास्तर, मला शाई कळती, लोखंड कळत न्हाय," ते म्हणाले. "गावं तुम्हाला वळखत्यात. तुम्ही शाळंत जाऊन बसला, की चरकावर पुन्हा पोरंच बसत्यात बघा. मग शिकवणार कुणाला?"

मी त्यांच्यावर चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि जाताना माझ्या मनगटाला अत्तराचं बोट लावलं, नेहमी लावत तसं. घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं, की ते बरोबर बोलले. मुलांना वर्गात बसवायचं तर मला वर्गातून उठायला हवं होतं. दुसरा हिशेब लागतच नव्हता, कितीही वेळा हातचा घेतला तरी.

अंमलदारांना मी सांगितलं, की नेमलेला मास्तर लवकर पाठवा. एक तरुण आला, उंच, नाकावर चष्मा. त्याला मी छप्पर दाखवलं, झड कुठून येते ते सांगितलं, कोण बोबडं बोलतं, कुणाला ओरडलं तर रडू येतं, ते सांगितलं. त्या मुलीविषयी मी काहीच सांगितलं नाही.

मग सगळे गुऱ्हाळाचे दिवस मी गाडीत काढले. गडी मिळवले, घाटाकडचे, हिरड्याच्या दिवसांतल्या ओळखीचे. गावोगाव शिव्या खाल्ल्या. तीन ठिकाणी चरक उचलून आणले, त्यातल्या एका गावानं आमची गाडी अडवून धरली. हळूहळू लोकांना गडी बरा वाटायला लागला, कारण तो पोरापेक्षा जलद ऊस घाली. पुण्य म्हणून नव्हे, सोय म्हणून त्यांनी ते मानलं. मला तेवढं पुरत होतं.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा एकदा त्या गावावरून जाणं झालं. मी गाडी ओढ्यापाशी थांबवली आणि छपराकडं चालत गेलो. वर्ग भरलेला होता, अगदी कडेपर्यंत. मुलांनी मला बघून चुळबुळ केली. मास्तरानं लगबगीनं आपली खुर्ची पुढं केली. मी नको म्हटलं आणि खांबाशी उभा राहिलो. म्हटलं, चालू द्या.

ती वाचत होती. हातात पुस्तक होतं, पाटी नव्हती. मी शिकवलं होतं त्याच्या कितीतरी पुढचा धडा, जोडाक्षरांचा, लांब वाक्यांचा. ती कुठं अडखळली नाही. पान उलटलं, एक दम घेतला, पुढं वाचलं. एकदा एका कठीण शब्दापाशी थांबली, तो नीट उच्चारला, आणि मान वर करून बघितलं. आपल्या मास्तरांकडं बघितलं. ते हसले. ती परत खाली बघून वाचू लागली.

मला हवं होतं तेच झालं होतं. त्यासाठीच मी गावोगाव शिव्या खाल्ल्या होत्या. तरी धडा संपायच्या आत मी तिथून निघालो. मास्तर मागून विचारत होते, मुलांना दोन शब्द सांगता का. मी हातानंच नको म्हटलं.

गाडीत येऊन बसलो. गाडीवानानं कासरा ओढून विचारलं, "कुठं, मालक?" पुढच्या गावाला चरक अडला होता, सकाळपासून माणूस दोनदा बोलवायला येऊन गेला होता, सगळं मला ठाऊक होतं. तो पुन्हा विचारत होता, बैल माना हलवत होते, आणि मला त्या गावाचं नाव काही केल्या आठवेना.